बसलेला आवाज

नवऱ्यानं बायकोचा गळा दाबल्याच्या खटल्यात शिक्षा झालेली मी बावीस वर्षांच्या नोकरीत दोनदा पाहिली. एकात बाई मेली होती. दुसऱ्यात शेजारच्या मास्तरांनी खिडकीतून सगळं बघितलं होतं आणि ते म्हातारे गृहस्थ शेवटपर्यंत आपल्या बोलण्यावर टिकून राहिले. बाकीचे खटले कसे निघतात ते मला विचारा. न्यायाधीशांना विचारून उपयोग नाही, ते तीन वर्षं झाली की बदलून जातात. मी इथंच असते.

मी वर्धेच्या कोर्टात स्टेनो आहे. सगळे मला ढोबळे बाई म्हणतात. न्यायाधीशांच्या उंच टेबलाखाली माझं बुटकं टेबल आणि त्यावर संगणक. साक्षीदार बोलतो, साहेब त्याचं नीटनेटकं वाक्य करून मला सांगतात आणि मी ते टाइप करते. साक्षीदार रडला तर ते टाइप होत नाही. प्रश्न विचारल्यावर तो दोन मिनिटं पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला तर तेही होत नाही. साहेबांनी सांगितलं तेवढंच कागदावर येतं, आणि कागदावर आलं तेवढंच घडलं असं धरून वरची सगळी कोर्टं चालतात. पूर्वी याचा मला राग यायचा. आता पाठ दुखते, राग तिच्यावरच खर्च होतो.

माझ्या संगणकात 'फितूर' नावाची एक फाइल आहे. ती मीच करून ठेवली. त्याचं असं आहे की बायकोच्या छळाचं कलम आपसांत मिटवता येत नाही, कायदा तशी परवानगी देत नाही. नागपूरला हायकोर्टात जाऊन खटला रद्द करून आणता येतो, पण तेवढे हेलपाटे घालायची ताकद कुणात असते? मग इथल्या इथं मिटवायचं तर रस्ता एकच. बाईनं पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं की असं काही झालंच नाही. दोन्हीकडची माणसं कुणाच्या तरी ओसरीवर बसून सगळं ठरवून येतात आणि बाई आत येऊन ठरलेली तीन-चार वाक्यं बोलते. तीच वाक्यं पुन्हा पुन्हा टाइप करून माझी बोटं आखडायला लागली, तेव्हा मी ती साठवून ठेवली. 'आमच्यात घरगुती कारणावरून किरकोळ शाब्दिक वाद झाला होता. आरोपीने मला मारहाण केली नाही. पोलिसांनी काय लिहून घेतले ते मला वाचून दाखवले नाही.' मग सरकारी वकील तिला फितूर ठरवून तिचीच उलटतपासणी घेतात, म्हणजे तिनं पोलिसांपुढे दिलेला जबाब तिला वाचून दाखवतात, आणि ती म्हणते, 'तसा मजकूर मी सांगितला नव्हता. तो का लिहिला आहे याचे कारण मी सांगू शकत नाही.' मला फक्त नावं बदलावी लागतात. एकदा मी नवऱ्याचं नाव बदलायला विसरले आणि एका बाईनं भलत्याच माणसाला चांगलं ठरवून टाकलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याच आलं, तेही आठ दिवसांनी.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी रुपा चाफलेचा खटला बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, होता. सकाळी सव्वादहाला मी फाइली लावत बसले होते. कोर्टाच्या खोलीत शिपायाशिवाय कुणी नव्हतं. दारातून एक म्हातारी आत डोकावली. नऊवारी, पायात प्लास्टिकच्या चपला, आणि त्या चपला तिनं दाराबाहेर काढून ठेवल्या.

"बाई, रुपाचा पुकारा कवा होते?"

"होईल बारापर्यंत. तुम्ही कोण तिच्या?"

"माय हाये. रामबाई. गिरडहून आलो सकाळच्या यष्टीनं." ती माझ्या टेबलाजवळ आली आणि फाइलीवर बोट टेकून उभी राहिली. मग तिनं विचारलं, "त्याच्यात डाक्टरचा कागद हाये का?"

फाइल मी आदल्या दिवशीच चाळली होती. कागद होता. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली एक दुपार. रुपा मुलीला घेऊन चार दिवस माहेरी जाते म्हणाली, म्हणून धीरजनं, तिच्या नवऱ्यानं, स्वयंपाकघरात दोन्ही हातांनी तिचा गळा दाबला. तिच्या जबाबात लिहिलं होतं की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शुद्धीवर आले तेव्हा लुगडं ओलं झालेलं होतं. पोलिसांनी पहिल्यांदा खुनाच्या प्रयत्नाचं, तीनशे सातचं कलम लावलं होतं. नंतर ग्रामीण रुग्णालयातला दाखला आला. त्यावर मानेच्या रकान्यात लिहिलं होतं: 'हळद-चुन्याचा लेप. बाह्य जखम दिसून येत नाही. दुखापत साधी.' तीनशे सात गेलं. उरलं छळ, साधी मारहाण आणि धमकी, आणि खटला सत्र न्यायालयाऐवजी आमच्याकडे आला.

"आहे," मी म्हटलं.

"त्यो लेप म्या लावलता," रामबाई म्हणाली.

 ती सांगत राहिली, सावकाश, एखाद्याला रस्ता सांगावा तसं. "ऑटोतून उतरली तं तिच्या मानेवर बोटाचे वळ उठले होते. सुजून गेलती मान. म्या हळद अन् चुना कालवला अन् चांगला जाड लेप देल्ला. आमच्या घरी मुका मार लागला का हेच करते न बाई. लेकराले लागो का बैलाले लागो. लेप वाळला अन् मंग आमी दवाखान्यात गेलो. डाक्टरनं लेप पाह्यला, मान नाई पाह्यली."

"पुसून बघा म्हणायचं होतं त्यांना."

"म्हनलं ना. तं त्यो म्हने, राहू द्या मावशी, चांगला बसला हाये, आराम पडन. त्यो बी इकडचाच पोरगा. त्याच्या मायनं बी त्याले लावला असन." तिनं फाइलीवरचं बोट उचललं. "दोन-तीन दिवसानं लेप झडला तं वळ गेलते. सूज बी उतरलती. म्हने हळदीचा गुन आला."

हे ऐकून मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला त्या डॉक्टरचा राग आला, त्याहून जास्त त्या म्हातारीचा आला, आणि लगेच माझीच लाज वाटली. माझ्या घरीसुद्धा मी तेच केलं असतं. पडलं-झडलं की हळद-चुना, डॉक्टर नंतर.

"जाऊ द्या मावशी," मी म्हटलं. "आता तसंही मिटतंच आहे ना?"

"मिटतेच. आज पोरगी भेटते आमाले."

मग तिनं तेही सांगितलं. दामिनी, रुपाची मुलगी, तेव्हा चार वर्षांची होती. रुपाला ऑटोत घालून गिरडला आणलं, तेव्हा लेकरू बोरगाव मेघेला सासरीच राहिलं आणि नंतर त्यांनी दिलंच नाही. ताब्याचा अर्ज दुसऱ्या कोर्टात पडून आहे. दोन वर्षांत रुपाला मुलगी सहा वेळा दिसली, दर वेळी कोर्टाच्या आवारात, लांबून, बोलायला जवळ न जाऊ देता. मागच्या महिन्यात सासऱ्यानं, बंडूजीनं, निरोप पाठवला. पोरगी घेऊन जा, फारकत घ्या, पण आधी माझ्या पोरावरचा खटला काढा. धीरजचा वकील अण्णाजी यानं सगळं जुळवून आणलं. आज साक्ष, आजच निकाल आणि निकाल लागला की मुलगी.

"मंग काय करता," रामबाई म्हणाली. "पोरगी पाह्यजे ना तिले."

मी म्हटलं बरोबर आहे. खरंच बरोबर होतं. मी त्या जागी असते तर मीही आले असते, ती वाक्यं पाठ करून.

जाता जाता ती दारात थांबली. "चार वावराच्या पल्याडून हाक मारे माह्यी पोरगी," ती म्हणाली. "कापूस वेचाले बाया येत, तं त्याइले जेवाले बलवाचं काम तिचंच राहे." मला वाटलं म्हातारी उगाच लेकीचं कौतुक करते आहे. म्हाताऱ्या करतात.

साहेब अकराला आले. आमचे साहेब तरुण आहेत, कोल्हापूरकडचे. सव्वा वर्षापूर्वी आले तेव्हा साक्षीदार काय बोलतो ते मला वळून वळून विचारायचे. आता समजतं त्यांना. माणूस वाईट नाही. पण बोर्डावर रोज साठ-सत्तर प्रकरणं असतात, आणि सकाळी चांगला असलेला माणूस दुपारी चारला तेवढाच चांगला राहील असं धरून चालता येत नाही. त्या दिवशी एक अपघाताचं प्रकरण झालं, दोन दारूबंदीची झाली आणि पावणेबाराला रुपाचा पुकारा झाला.

ती आत आली. तिशीच्या आतली, बारकी, निळी साडी, पदर खांद्यावरून मानेभोवती ओढून घेतलेला. धीरज आरोपींच्या जागी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मागे बांधून. तो एखाद्या सोज्ज्वळ पेट्रोलपंपवाल्यासारखा दिसत होता. ते नेहमी तसेच दिसतात. मागच्या बाकावर बंडूजी बसला होता आणि त्याच्यापासून दोन बाकं सोडून रामबाई.

मी 'फितूर' उघडली आणि नावं बदलली. धीरज बंडूजी चाफले. दोनदा तपासलं.

रुपानं शपथ घेतली. तिचे ओठ हलले, मला वाटलं ती घाबरली आहे.

"मोठ्यानं बोला," साहेब म्हणाले.

तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज आला, पण तो आवाज कसा होता ते सांगणं कठीण आहे. वाळलेल्या पानांवरून कुणी पाय ओढत नेतं तसा. साहेबांनी कान पुढे केला.

सरकारी वकील अश्वजित सर उठले. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी विचारायचं ते विचारलं. दिनांक अमुक रोजी दुपारी काय घडलं? रुपा बोलली. साहेबांनी परत सांगितलं, बाई, मोठ्यानं. ती परत बोलली. तिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या, म्हणजे ती जोर लावत होती, पण बाहेर येत होता तो तेवढाच आवाज. वरती पंखा फिरत होता आणि बाहेर व्हरांड्यात वकिलांचा गलका चालू होता. साहेबांनी पंखा बंद करायला लावला.

तरीही त्यांना ऐकू गेलं नाही. मग ते म्हणाले, "ढोबळे बाई, तुम्ही जवळ आहात. तुम्हाला ऐकू येतंय ना? ती काय म्हणते ते तुम्ही सांगा."

मी खुर्ची पिंजऱ्याकडे सरकवली आणि कान दिला. आणि मग रुपा बोलायची आणि मी ते अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल असं म्हणायची. "घरगुती कारणावरून वाद झाला होता." "त्यांनी मला मारलं नाही." "त्यांनी माझा गळा दाबला नाही." बावीस वर्षं मी ही वाक्यं टाइप केली होती. तोंडानं म्हणायची वेळ कधी आली नव्हती. माझा आवाज चांगला खणखणीत आहे, माझे यजमान म्हणतात की तुला माइक लागत नाही. 'त्यांनी माझा गळा दाबला नाही' असं मी म्हटलं, तेव्हा मागच्या बाकावर बंडूजीनं मान डोलावलेली मी पाहिली. तो माझ्याकडे बघून मान डोलवत होता, तिच्याकडे नाही.

साहेबांनाही काहीतरी खटकलं असावं. त्यांनी डावा हात वर करून अश्वजित सरांना थांबवलं.

"बाई, तुमचा घसा दुखतो का? पाणी द्या त्यांना."

रुपानं पाणी नाकारलं. ती काही म्हणाली. मी सांगितलं, "घसा दुखत नाही म्हणते. असाच आहे म्हणते."

"कधीपासून असाच आहे?"

 पंखा बंदच होता. रुपानं माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि मग दाराकडे. तिला रामबाई दिसत होती का, मला माहीत नाही. म्हातारी दोन्ही हातांनी पदर तोंडाशी धरून बसली होती. तेव्हा मला कळलं की सकाळी ती लेकीचं कौतुक करत नव्हती.

अण्णाजी उठला. सत्तरीचा माणूस, पण कुठं उठायचं ते त्याला बरोबर कळतं. "साहेब, थंडीचे दिवस आहेत. सर्दी-पडसं सगळ्यांनाच आहे. साक्षीदाराला या कारणावरून त्रास नको."

"मी साक्षीदाराला विचारलं," साहेब म्हणाले.

रुपा म्हणाली, आणि मी मोठ्यानं सांगितलं, "माहीत नाही म्हणते."

 साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते म्हणाले, "घ्या पुढे." एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी मला सांगितलं ते पोलिसांच्या जबाबाबद्दलचं होतं. घशाबद्दल त्यांनी काहीही टाइप करायला सांगितलं नाही.

आता मी काय केलं ते सांगते. न्यायाधीशाला साक्षीदाराच्या वागण्याबद्दल, दिसण्याबद्दल स्वतःहून नोंद करता येते, कायद्यात तशी सोय आहे. ती नोंद त्यांनीच करायची असते. स्टेनोनं स्वतःच्या मनानं एक स्वल्पविरामसुद्धा टाकायचा नसतो. मी टाकला नव्हता कधी. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात तिडीक गेली. सप्टेंबरमध्ये मान लेपाखाली गेली, ती कुणी पाहिली नाही. आज गळा आमच्यासमोर उभा आहे, पाच माणसांनी स्वतःच्या कानांनी ऐकला, आणि तोही जाणार. मी टाइप केलं: 'साक्षीदाराचा आवाज घोगरा व अत्यंत क्षीण असून तीन फुटांवरूनही नीट ऐकू येत नाही. आवाज केव्हापासून असा आहे असे विचारले असता तिने माहीत नाही असे सांगितले.' मला तेव्हा मुलगी आठवली नाही. खरं सांगते, आठवलीच नाही. मी फक्त कागदाचा विचार केला.

माझ्या संगणकावरचं साहेबांच्या पडद्यावर दिसतं. त्यांनी ते वाचलं. मी मान वर केली नाही, पण वरच्या खुर्चीचा आवाज थांबला तो मला कळला. मला वाटलं, आता चेंबरमध्ये बोलावणं, मेमो, चौकशी, निवृत्तीला पाच वर्षं राहिली असताना.  पण साहेबांनी ती ओळ तशीच ठेवली आणि पुढचं वाक्य सांगितलं.

अश्वजित सरांनी रुपाला फितूर ठरवून घेतलं, तिचा जबाब तिला वाचून दाखवला, तिनं तो नाकारला, कारण सांगू शकत नाही म्हणाली. अण्णाजीनं उलटतपास नाही म्हणून सांगितलं. दहा मिनिटांत सगळं झालं. मग रिवाजाप्रमाणे साहेब म्हणाले, "वाचून दाखवा त्यांना."

साक्ष संपली की टाइप झालेलं सगळं साक्षीदाराला वाचून दाखवायचं असतं. तो बरोबर आहे म्हणाला की त्याची सही. एरवी हे आम्ही भराभरा उरकतो, निम्मे साक्षीदार ऐकतही नाहीत. मी वाचायला लागले. घरगुती कारणावरून वाद. मारहाण केली नाही. रुपा मान हलवत होती. मग मी ती ओळ वाचली. अण्णाजी हातातली फाइल बंद करत होता, तो थांबला आणि उठायला लागला. पण त्याच्या आधी रुपाचा हात पुढे आला आणि तिनं माझ्या टेबलाची कड धरली.

ती मला म्हणाली, "ते काहाडा बाई."

मी साहेबांकडे पाहिलं. "ती नोंद काढा म्हणते."

साहेब म्हणाले, "बाई, तुमचं जे बोलणं आहे ते तुम्ही दुरुस्त करू शकता. ही नोंद माझी आहे. ती न्यायालयाची नोंद आहे. तुमच्या सांगण्यावरून ती काढता येणार नाही."

माझी नोंद, असं ते म्हणाले. मी टाइप केलेली ओळ त्यांनी आपल्या अंगावर घेतली. मला त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला आणि आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. असं वाटलं की या एका खटल्यात काहीतरी उरेल. बंडूजी मागून उभा राहिला होता. तो खोलीबाहेर निघाला. जाताना त्यानं रुपाकडे पाहिलंही नाही.

रुपानं त्याला जाताना पाहिलं. ती पिंजऱ्यातून खाली उतरली. असं उतरायचं नसतं, शिपाई पुढे झाला, साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. ती साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली, जितकं जवळ जाता येईल तितकं, टाचा वर करून. या वेळी मला मध्ये बोलावं लागलं नाही. त्यांना ऐकू गेलं, आणि मलाही.

"साहेब, माह्यी पोरगी बाहेर गाडीत बसून हाये. कागदावर त्याच्याविरुद्ध एक शब्द बी आला तं गाडी परत जाते. मी दोन सालापासून तिले जेवू घातलं नाई. मले आवाज नोको साहेब. पोरगी द्या."

अश्वजित सर खिडकीतून बाहेर बघायला लागले. धीरज मान खाली घालून उभा होता. अण्णाजीला काही बोलायची गरजच नव्हती.

साहेबांनी चष्मा काढला आणि बऱ्याच वेळानं परत घातला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती ओळ काढा, ढोबळे बाई."

ती ओळ म्हणजे बावीस वर्षांच्या नोकरीत मी स्वतःच्या मनानं लिहिलेली एकमेव नोंद. ती काढायला एक सेकंद लागला. वरचा आणि खालचा परिच्छेद एकमेकांना येऊन चिकटले. शिपाई धावत बाहेर गेला, बंडूजीला सांगायला की थांबा म्हणून. त्याला कुणी पाठवलं नव्हतं, तो आपणहून गेला. मी नवी प्रत काढली. रुपानं सही केली, सावकाश, शाळेतल्यासारखी अक्षरं काढून.

बाकीचं सगळं वेळेत झालं. पुढचे साक्षीदार सरकारी वकिलांनी सोडून दिले. आरोपीचा जबाब झाला, खोटी केस केली म्हणाला. निकाल चार पानांचा, तोही बराचसा तयारच असतो. 'फिर्यादी स्वतः फितूर झाली असून वैद्यकीय पुराव्यात मानेवर कोणतीही जखम आढळून आलेली नाही. सबळ पुराव्याअभावी आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येते.' दीड वाजता साहेबांनी तो वाचला आणि सुट्टीसाठी उठले. उठताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. मला वाटलं, आता मेमोचं काढतील. ते म्हणाले, "पंखा लावायला सांगा," आणि चेंबरमध्ये गेले.

मी डबा घेऊन व्हरांड्यात आले. भूक नव्हती. पायऱ्यांजवळ रुपा आणि रामबाई उभ्या होत्या. पांढऱ्या गाडीतून बंडूजी उतरला आणि एका मुलीला हाताला धरून घेऊन आला. मुलीच्या पाठीवर शाळेचं दप्तर आणि बंडूजीच्या हातात कपड्यांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी. धीरज गाडीजवळच थांबला. बंडूजीनं पिशवी पायरीवर ठेवली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो परत फिरला. त्याचेही डोळे भरले होते. ते मी पाहिलं आणि मला त्याची दया यायला नको होती, पण आली.

दामिनी आईपासून चार हात दूर उभी राहिली. रामबाई म्हणाली, "ये वो माय, ये." ती आली नाही. ती आईकडे नुसती बघत होती.

रुपा काहीतरी म्हणाली.

"काय?" दामिनीनं विचारलं. चांगला मोठा आवाज होता तिचा. आजूबाजूचे दोन-तीन लोक वळून बघायला लागले.

रुपा परत म्हणाली.

"काय म्हणून राह्यली? मले ऐकू नाई येऊन राह्यलं."

तेव्हा रुपा पुढे झाली, पायरीवर गुडघे टेकून बसली, मुलीच्या कानाशी तोंड नेलं, आणि हाताचा आडोसा करून बोलली. बराच वेळ बोलली. ती काय म्हणाली ते मला सांगता येणार नाही, ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. मुलीचा चेहरा आधी गंभीर होता. मग हळूहळू तिला हसू यायला लागलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे, आजीकडे, लांब गाडीकडे, कुणी ऐकत तर नाही ना ते बघावं तसं. तिला वाटलं होतं की आई गुपित सांगते आहे.

"मी कोनालेच नाई सांगत," ती म्हणाली, आणि आईच्या गळ्यात हात टाकले.